रुळाखालचे लाकूड बागेत आणताना

मागच्या भागाखाली आलेल्या प्रश्नांतला एक प्रश्न मी मुद्दाम बाजूला काढून ठेवला होता. झाशीजवळच्या बबीना छावणीतून एका मराठी फौजी कुटुंबाने विचारले आहे : "क्वार्टरमागे थोडी मोकळी जागा आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी बसायला आणि पोरांना खेळायला स्वस्तात एक लाकडी ओटा करायचा आहे, हल्ली ज्याला डेक म्हणतात तसा. इथल्या भंगारवाल्याकडे रेल्वेचे जुने स्लीपर आहेत. लाकूड भक्कम दिसते, भावही परवडतो. घ्यावेत का?"

प्रश्न सुतारकामाचा आहे, आणि हा कार्यक्रम इतिहासाचा. तरी मी तो घेतला, कारण याचे खरे उत्तर त्या लाकडाच्या इतिहासातच आहे. तो स्लीपर कुठल्या झाडाचा, कुणी कापला, त्याला काय पाजले, तो किती वर्षे कशाखाली पडून होता, हे कळल्याशिवाय "घ्या" म्हणता येत नाही आणि "घेऊ नका" म्हणणेही बरोबर नाही. तेव्हा आज आपण एका स्लीपरची गोष्ट पाहू आणि शेवटी बबीनाच्या ओट्यावर येऊ.

बबीना आणि बोरीबंदर

बबीना हे झाशीच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवरचे गाव. ललितपूर-बीनाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे स्टेशन, आणि रणगाड्यांच्या सरावासाठी, गोळीबाराच्या विस्तीर्ण मैदानासाठी ओळखली जाणारी छावणी. तिथे राहिलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट ऐकलेली असते की 'बबीना' हे नाव 'ब्रिटिश आर्मी बेस इन नेटिव्ह एशिया' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाले. ऐकायला छान वाटते. पण अशी आद्याक्षरांची स्पष्टीकरणे बहुधा नाव रूढ झाल्यावर मागाहून जुळवलेली असतात, म्हणून ती गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकावी.

झाशी मराठी माणसाला माहीत नाही असे नाही. नारोशंकरांनी वसवलेले शहर, नेवाळकरांचे राज्य, गंगाधररावांचा १८५३ मधला मृत्यू, १८५४ मध्ये खालसा झालेली गादी आणि १८५८ चा वेढा. त्या वेढ्यात पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात अडकले होते, आणि त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापून आणला, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. आपली झाशी बहुतेक वेळा इथेच संपते. पुढच्या तीस वर्षांत काय झाले, ते फारसे कुणी सांगत नाही.

ते असे. झाशीचा किल्ला आणि शहर काही काळ ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होते. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला आणि झाशी स्वतःकडे घेतली. याच सुमारास, म्हणजे १८८५ मध्ये, इंडियन मिडलंड रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. १८८९ मध्ये तिचा झाशी-भोपाळ मार्ग सुरू झाला. बबीना याच मार्गावर. १९०० मध्ये ही कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी चालवणाऱ्या आपल्या जीआयपीत, विलीन झाली. पुढे १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, आणि २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे वेगळी होईपर्यंत झाशीचा विभाग मध्य रेल्वेतच होता.

म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ बबीनाच्या रुळांचा कारभार मुंबईच्या बोरीबंदरातून चालला. भुसावळ, मनमाड, कल्याण इथली रेल्वेतली मराठी घरे बदलीवर झाशीला गेली ती याच धाग्याने. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा झाशीच्या वर्कशॉपात असतील, तर ती एकाच कंपनीतली बदली होती. २०२१ मध्ये झाशी स्टेशनला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्याचा निर्णय झाला. नावाची पाटी बदलली, पण रुळाखाली जे गेले त्याची पाटी कुठेच नाही.

एका मैलाला किती झाडे?

रूळ जमिनीवर थेट ठेवत नाहीत. त्याखाली आडवे स्लीपर असतात आणि स्लीपरखाली खडी. गाडीचे वजन रुळावरून स्लीपरवर, तिथून खडीवर आणि मग जमिनीत उतरते. दोन रुळांमधले अंतर कायम ठेवण्याचे कामही स्लीपरच करतो. आपल्या ब्रॉडगेजमध्ये हे अंतर १६७६ मिलिमीटर. त्यासाठी लागणारा लाकडी स्लीपर साधारण २७५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १३ जाड. सागाचा असेल तर वजन साठ किलोच्या आसपास, सालाचा असेल तर पंचाहत्तरच्या पुढे. गँगमनने आयुष्यभर खांद्यावर काय वाहिले, याची त्यावरून कल्पना येते.

एका मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागत. मध्यम आकाराच्या एका झाडातून तीन ते पाच निघत. आता बबीनापुरता हिशेब करू. झाशी ते बबीना २५ किलोमीटर म्हणजे साडेपंधरा मैल. एकेरी मार्गाला सत्तावीस ते एकतीस हजार स्लीपर. म्हणजे साडेपाच हजार ते दहा हजार झाडे, आणि तीही फक्त एवढ्याशा तुकड्यासाठी, पहिल्या खेपेला. लाकडी स्लीपर ऊनपावसात आणि वाळवीत बारा-पंधरा वर्षांनी बदलावा लागे. मग पुन्हा तेवढी झाडे. १८९० पर्यंत देशात सुमारे २५,५०० किलोमीटर मार्ग झाला होता. हा हिशेब तुम्हीच पुढे न्या.

ही झाडे आली कुठून? सुरुवातीला काही रेल्वे कंपन्या बाल्टिक समुद्राकाठच्या पाइनचे, तेल पाजलेले स्लीपर इंग्लंडहून जहाजाने आणत. ते महाग पडू लागले तशी नजर इथल्या रानाकडे वळली. मध्य प्रांताचा आणि ब्रह्मदेशाचा साग, तराईतला आणि मध्य भारतातला साल, हिमालयातला देवदार. मद्रास इलाख्यात एकट्या स्लीपरसाठी १८५० च्या दशकात वर्षाला ३५,००० झाडे तुटत होती. फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून देवदाराच्या रानाचा मक्ता घेतला आणि हर्सिलच्या बाजूने ओंडके गंगेत सोडून हरिद्वारला उतरवले. त्यात तो इतका गबर झाला की लोक त्याला 'पहाडी विल्सन' म्हणत आणि राजासारखा मानत.

रान असे संपत चालले तेव्हा सरकारला जाग आली. १८६४ मध्ये वनखाते निघाले आणि डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन तज्ज्ञ त्याचा पहिला प्रमुख झाला. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. झाडे वाचावीत हा हेतू त्यात होता हे खरे. पण ती कुणासाठी वाचवायची, याचे उत्तर कायद्यात स्पष्ट होते. राखीव रानातले चांगले लाकूड सरकारचे. गावकऱ्याचे सरपण, गुरांची चराई, नांगराला लागणारे लाकूड हे आता हक्क उरले नाहीत, सवलती झाल्या.

आपल्याकडच्या दोन नोंदी

इथे दोन मराठी नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली आज्ञापत्राची. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा राजनीतीचा ग्रंथ. आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. जहाजांना तक्ते, सोट, डोलकाठ्या लागतात. अमात्य सांगतात, त्यासाठी रानातले साग वगैरे परवानगी घेऊन तोडावेत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष करून तोडावे, बळजबरी करू नये.

यातले राज्य काही साधुसंतांचे नव्हते. त्याला आरमार हवे होते, लाकूड हवे होते. फरक एवढाच की झाडामागे कुणीतरी माणूस उभा आहे हे त्या कागदाला दिसत होते.

दुसरी नोंद जोतीराव फुल्यांची, १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मधली. त्यांनी फॉरेस्ट खात्यावर सरळ बोट ठेवले आहे. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी, गायराने सगळी जंगलात घातली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळीला रानात फिरायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. लाकूड, दगड, चुना यांचे व्यवहार त्यांनी हाताने केलेले. त्यामुळे ही तक्रार नुसत्या भावनेची नाही, बाजार जाणणाऱ्या माणसाची आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. बबीनाचा मार्ग बांधायची तयारी चालू होती त्याच वर्षांतली ही गोष्ट.

तेव्हा भंगारवाल्याकडचा स्लीपर स्वस्त आहे, असे आपण म्हणतो ते आजच्या भावाने. त्याची मूळ किंमत कुणीतरी आधीच चुकवलेली आहे. म्हणूनच ते लाकूड चुलीत न घालता पुन्हा वापरणे हा मला काटकसरीपेक्षा मोठा विचार वाटतो. पण सरसकट प्रत्येक स्लीपर मात्र नाही. का, ते पुढे.

लाकडाला पाजलेले तेल

साग आणि साल ही अंगचीच टिकाऊ लाकडे. रेल्वेत ती बहुधा तशीच, काही न पाजता वापरली जात. चीड, कैल यांसारखी मऊ लाकडे मात्र उघड्यावर फार टिकत नाहीत. त्यांच्यासाठी जो उपाय आला त्याचे नाव क्रिओसोट. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले काळपट तेल. १८३८ मध्ये जॉन बेथेल या इंग्रजाने त्याची रीत पेटंट केली. लाकूड मोठ्या लोखंडी टाकीत बंद करायचे, आतली हवा ओढून घ्यायची, मग दाब देऊन तेल लाकडाच्या गाभ्याकडे ढकलायचे. असा स्लीपर वाळवीला आणि बुरशीला दाद देत नाही. बरेलीजवळच्या क्लटरबकगंजसारख्या ठिकाणी आपल्याकडे असे कारखाने चालले.

हे तेल ज्या कारणाने वाळवीला मारते, त्याच कारणाने ते माणसालाही चांगले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले आहे. कातडीला लागले आणि वर ऊन पडले तर आग होते, चट्टे उठतात. युरोपीय संघाने २००१ च्या आदेशाने तेल पाजलेले जुने लाकूड घरात, खेळण्याच्या जागी, आणि बागेत जिथे अंगाला वारंवार लागेल तिथे वापरायला मनाई केली. त्याआधी तिकडच्या बागांत जुन्या स्लीपरची मोठीच टूम होती. चित्रे आपण इंटरनेटवर पाहतो ती पुष्कळदा त्याच टूमेची, आणि मनाईची बातमी त्या चित्रांबरोबर येत नाही.

आता बबीनाचा मे महिना आठवा. पारा पंचेचाळिशीकडे जातो. अशा उन्हात तेल पाजलेला स्लीपर तीस-चाळीस वर्षांनीही काळे थेंब बाहेर टाकतो. त्यावर तुमची मुले अनवाणी खेळणार, पालथी झोपून चित्रे काढणार. म्हणून पहिले उत्तर स्पष्ट देतो : डांबराचा वास येणारा, काळपट तेलकट स्लीपर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. फुकट दिला तरी नको. आणि त्याचे तुकडे थंडीत शेकोटीला किंवा चुलीला तर मुळीच नकोत. त्याचा धूर लाकडापेक्षा वाईट.

रुळाखालून बाजारात

हे लाकूड बाजारात आले कसे? लाकडाला पर्याय शोधणे पूर्वीच सुरू झाले होते. बिडाचे आणि पोलादाचे स्लीपर आले. जुन्या मार्गांवर 'सीएसटी-९' नावाचा बिडाचा स्लीपर पाहिलेले लोक आजही भेटतील. विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत ताण दिलेल्या काँक्रीटचा स्लीपर सगळीकडे पसरला. तो जड, टिकाऊ, आणि त्यासाठी झाड लागत नाही. मग उपटलेल्या लाकडी स्लीपरचे ढीग स्टेशनांच्या बाजूला लागले. रेल्वेने ते लिलावात विकले आणि तिथून ते वखारींत, फर्निचरवाल्यांकडे, हॉटेलांच्या अंगणांत गेले.

इथे एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ चा आहे. रेल्वेचा माल योग्य मार्गाने मिळाला हे दाखवता आले नाही, तर नुसता जवळ असणेही अंगाशी येते. फौजी माणसाला तर ही नसती आफत. म्हणून विकणाऱ्याकडून लिलावाच्या कागदाचा आधार असलेली पावती घ्या. पावती नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आपली जुनी सवय

जुने लाकूड नव्या जागी लावणे ही परदेशी कल्पना नाही. आपल्याकडे वाडा उतरवला म्हणजे तुळया, खांब, वासे, कडीपाटाच्या फळ्या नीट सोडवून घेत आणि दुसऱ्या घराला लावत. वाड्याचे सांधे खिळ्यांपेक्षा खाचा-कुसवांवर जास्त असल्यामुळे ते सुटतही असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकडी अवशेष आणून पुन्हा उभे केले आहेत. ते हेच काम, जरा मोठ्या मानाने. मुंबईत आजही जुन्या चाळी पडल्या की त्यातला ब्रह्मी साग वेगळा काढून विकला जातो, आणि नव्या सागापेक्षा त्याला जास्त मान असतो.

'डेक' हा शब्द तर जहाजाचाच. मूळ डच शब्दाचा अर्थ आच्छादन. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जी जहाजे बांधली त्यांतले 'कॉर्नवॉलिस' हे १८१३ चे. १८४२ मध्ये चीनशी झालेला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला, आणि ते मोडले गेले १९५७ मध्ये. म्हणजे मुंबईत जोडलेला साग १४४ वर्षे टिकला. १८१७ चे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. लंडनमधल्या लिबर्टी या दुकानाची १९२४ ची इमारत दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या लाकडातून उभी राहिली आणि जहाजांचे डेक दुकानाची जमीन झाले. त्यातल्या एका नौकेचे नाव होते 'हिंदुस्थान'.

फौजी घरांना तर हे सांगायलाच नको. दर दोन-तीन वर्षांनी बदली, सामानाची लाकडी खोकी, आणि त्याच खोक्यांवर गादी टाकून केलेला दिवाण, चादर घालून केलेले टेबल. बबीनात राहिलेल्या अनेक घरांत हे झालेले असेल. तुमचा ओटा त्याच वंशातला.

तर मग ओटा कसा करायचा?

आता कामाचे बोलू. आधी लाकूड पारखा. साग हातात घेतला तर तेलकट-गुळगुळीत, रंग सोनेरी तपकिरी, ताजा काप दिला की चामड्यासारखा वास. साल त्याहून जड, तांबूस, आणि तासायला कठीण. टोकाला करवतीने एक पातळ चकती काढायला सांगा. आत स्वच्छ लाकडाचा रंग आणि वास आला तर ठीक. कडेने काळी वर्तुळाकार पट्टी आणि डांबराचा वास आला तर तो नको. शंका आली तरी नको.

दुसरे, रेल्वेतला स्लीपर न पाजलेला असला तरी तो वंगण, तेल, आणि जुन्या डब्यांच्या उघड्या संडासांतून पडलेली घाण यांत वर्षानुवर्षे पडलेला असतो. म्हणून वरचा थर तासून काढलाच पाहिजे. तासताना नाकातोंडाला मास्क लावा आणि भुसा गोळा करून टाका. तो झाडांच्या मुळाशी घालू नका. कापण्यापूर्वी चुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला खिळा करवतीचे पाते फोडतो आणि माणसालाही लागतो.

तिसरे, हिशेब. स्लीपर अखंड ठेवून ओटा केला तर पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद जागेला नऊ लागतील, आणि वजन साडेपाचशे-सातशे किलो होईल. वखारीत जाडीतून चिरून घेतले तर १३ सेंटिमीटरमधून चार सेंटिमीटरच्या तीन फळ्या निघतात. म्हणजे तीन स्लीपरच्या नऊ फळ्यांत तोच ओटा झाला. चौथ्या स्लीपरमधून साधारण सहा बाय सहा सेंटिमीटरचे आठ दांडे निघतात. खालच्या आधाराला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर अंतराने सात पुरतात. पाचवा हाताशी ठेवा, कारण रूळ जिथे टेकत होता ती जागा खिळ्यांच्या भोकांनी खराब असते. ती टोकांपासून साधारण अर्ध्या मीटरवर येते. मधला दीड मीटर बहुधा सर्वांत चांगला. खर्च वाचतो तो इथे, चिरण्यात. नऊऐवजी पाच.

चौथे, पाया. इथे वाड्याचे शहाणपण वापरा. वाड्यातला लाकडी खांब कधी मातीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. बुंदेलखंडात दगडाची वाण नाही. ललितपूरचा दगड प्रसिद्धच आहे. दगडाचे ठोकळे समपातळीत मांडा, त्यावर दांडे, दांड्यांवर फळ्या. जमिनीपासून वीतभर उंची ठेवा. खालून वारा जातो, पाणी सुकते, आणि वाळवी चढली तर दगडावर तिची मातीची नळी दिसते. दिसली की झाडून टाकता येते. लाकूड मातीत पुरले तर ती दिसत नाही. फळ्यांमध्ये करंगळी न जाईल पण पाणी जाईल एवढी, पाच-सहा मिलिमीटरची, फट सोडा.

पाचवे, खिळे नकोत, स्क्रू वापरा. बदलीचा हुकूम आला की ओटा सुटून ट्रकमध्ये चढला पाहिजे.

सहावे, वरून अळशीचे उकळलेले तेल द्या, म्हणजे तिकडचे अलसी. बुंदेलखंडात ती पिकतेच. पातळ दोन हात, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. एक धोका सांगून ठेवतो : तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढीग करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून मग टाका किंवा एकेरी पसरून वाळवा.

आणि न पाजलेला साग-साल मिळालाच नाही तर? मालाच्या पेट्यांचे पाट, म्हणजे पॅलेट, घ्या. त्यांवर शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवलेले आहे, चालेल. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, सोडून द्या. दारूगोळ्याच्या जुन्या पेट्या दिसायला छान असतात, पण त्यांचा रंग आणि त्यांना लावलेले औषध कळत नाही. त्या मुलांच्या ओट्याला नकोत.

शेवटी

तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगतो : न पाजलेला, पावतीचा, चिरून तासलेला स्लीपर असेल तर जरूर घ्या. तेल पाजलेला असेल तर घेऊ नका. दोन्हींतला फरक भाव सांगत नाही आणि दिसणेही सांगत नाही. तो सांगतो लाकडाचा इतिहास.

एवढे झाल्यावर ओट्यावर बसाल तेव्हा मुलांना त्या फळीतले खिळ्याचे भोक दाखवा. इथे रूळ बसवला होता म्हणावे. हे लाकूड कुठल्यातरी रानातून आले, ते रान कुणाचे तरी होते, ते कुणीतरी खांद्यावर वाहिले, आणि त्यावरून आपल्या गावाकडची गाडी गेली. मुले पुढचे प्रश्न स्वतः विचारतील. त्यांतला एखादा तुम्हाला सुटला नाही तर आम्हाला पाठवा. एवढ्यासाठीच हा कार्यक्रम आहे.